पन्हळीखालची

तिला सगळे खालच्या बाई म्हणत. त्यात कुणी तिला कमी लेखत होतं असं नाही, कामच तसं होतं. नवरा शिडीवर, ही शिडीखाली. तो छपराच्या कडेला पन्हळ ठोकणार, ही खालून हूक पुरवणार, शिडी धरणार. जाता-येता कुणी विचारलं, "मिस्त्री कुठंयत?" की ही मान वर करून सांगणार, "वरचे वर आहेत." पुढं लोकांनी तोच शब्द उचलला. तो वरचा, ही खालची. कुणी सहज म्हणालं, "चाललंय ना सगळं वरच्याच्या कृपेनं?" की ती म्हणायची, "वरच्याची कसली आलीय कृपा? मी शिडी धरलीय म्हणून तो वर आहे!" आणि वरून मिस्त्री ओरडायचा, "ऐकू येतंय हं मला!"

आता पन्हळ ही काही कुणी कौतुकानं बघावी अशी वस्तू नाही. छपराच्या कडेला लावलेली पत्र्याची लांब, उघडी नाली. छपरावरचं पाणी तिच्यात जमतं आणि पाइपातून मुकाट खाली जातं. नीट असली की ती आहे हे घरच्यांच्या गावीही नसतं. उतू जायला लागली की मग घरात दुसरा विषय नाही. आणि सगळ्या जगाला एकच रोग ठाऊक: पाला अडकला असेल. अहो, पाला काढायला मिस्त्री कशाला हवा? हात घाला आणि काढा! पण तसं नसतं. मधोमध सांडत असेल तर हूक ढिला पडून पन्हळीचं पोट सुटलेलं असतं. टोकाशी सांडत असेल तर पाइप तुंबलेला असतो. आणि समोरून थेंबही सांडत नाही पण आतली भिंत ओली, असं असेल तर पाणी पन्हळीच्या पाठीमागून भिंतीत उतरत असतं. कुठंतरी पाणी मुरतंय असं आपण उगाच बोलून जातो. या नवरा-बायकोचं पोटच त्या मुरण्यावर चालायचं.

पन्हळीत सगळी गंमत उताराची. उतार दिसेल इतका दिला तर घर वाकडं दिसतं आणि घरमालक कटकट करतो. दिलाच नाही तर पाणी बसून राहतं. म्हणजे डोळ्याला दिसू नये आणि पाण्याला मात्र कळावा, असा उतार द्यायचा. मिस्त्रीच्या पिशवीत पाणसळ होती, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, सपाटी बघायची पट्टी. पण ती पिशवीतच असायची. तो पन्हळीच्या एका टोकाला गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं लांबवर बघायचा. "तिसरा हूक जरा वर," म्हणायचा. तेवढं केलं की झालं.

पण मिस्त्री कितीही पोचलेला असला तरी शेवटचा निकाल पाण्याचा. काम संपलं की तो वरच्या टोकाला पाण्याचा डबा ओतायचा आणि खाली पाइपाच्या तोंडाशी उभं राहिलेल्या माणसानं सांगायचं, "आलं." वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला वरचं दिसत नाही. मध्ये फक्त तो एक शब्द.

आधी खाली मिस्त्रीचा धाकटा भाऊ असायचा. त्याचं सगळं लक्ष विडीत. पाणी आलं काय, न आलं काय, हा आपला ओरडायचा, "आलं, आलं!" पाऊस पडला की लोक दारात भांडायला हजर. एकदा मिस्त्रीनं त्याला वरूनच हाकलला. "खोटं 'आलं' म्हणणारा माणूस मला नको," म्हणाला. "त्यापेक्षा मुका परवडला." भाऊ ट्रकवर गेला आणि तिथं सुखात राहिला. त्याच आठवड्यात ही जेवणाचा डबा घेऊन आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिस्त्रीनं वरूनच सांगितलं, "जरा तिथं उभी राहा आणि पाणी येतंय का सांग." हिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "येतंय. पण रडत येतंय."

"रडत म्हणजे?"

"रडत म्हणजे रडत. थोडं येतं, हुंदका देतं, थांबतं, परत येतं."

मिस्त्री खाली उतरला, पाइप उघडला. आत एका पोराचा रबरी चेंडू बसला होता. त्यानं चेंडूकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती खालची झाली. लेक झाली तेव्हा काही महिने सुटी घेतली असेल तेवढीच. नंतर लेकीला पाठीशी बांधून उभी राहिली. लेक मोठी होऊन सासरी गेली तरी ही पाइपाशीच.

त्यांची स्वतःची अशी एक बोली तयार झाली. "धावत आलं" म्हणजे सगळं बेस. "रडत आलं" म्हणजे पाइपात काहीतरी आहे. "झोपून आलं" म्हणजे पन्हळीला पोट आहे. "निम्मं चोरलं" म्हणजे पाठीमागून भिंतीत जातंय. घरमालक हे ऐकून हसायचे. मिस्त्री हसायचा नाही. ती बोलेल तसा तो हात चालवायचा. एवढ्या वर्षांत तिनं सांगितलेलं पाणी बघायला तो कधी खाली उतरला नाही. घरात भांडणं काय कमी झाली? भाजीत मीठ जास्त झालं म्हणून झाली, लेकीच्या लग्नात कुणाला बोलवायचं यावरून तर पंधरा दिवस अबोला होता. पण त्या अबोल्यातही कामावर ती "धावत आलं" म्हणायची आणि तो मुकाट्यानं डबा खाली सोडायचा.

मग त्याचे डोळे गेले. एकदम गेले नाहीत. एकदम गेले असते तर ही गोष्टच झाली नसती.

शिडीवरून उतरताना शेजारच्या खिडकीचं उघडं दार डोक्याला लागायला लागलं. रस्त्यात बाजूनं येणारा माणूस अंगावर आला की हा दचकायचा. शेवटी तिनं ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला चांगली. म्हणाली, "काका, काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय, मधली आहे. गेलेली परत येत नाही. आहे ती जपायची. थेंब चुकवू नका, आणि उंचावरचं काम आता बघून करा."

घरी येऊन चप्पल काढता काढता तो म्हणाला, "एक सांगून ठेवतो. माझा उतार ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी शिडी ठेवायची. मी हट्ट करणार नाही. पण मला वरून ते कळायचं नाही. पाणी तुला आधी कळेल."

"बरं."

"तू सांगायचंस. लगेच. दोन दिवसांनी नाही."

"सांगीन म्हटलं ना!" ती खेकसली, कारण तिला रडू येत होतं.

एवढंच काम होतं तिच्याकडे. एक दिवस खरं बोलायचं. सोपं वाटतं ना? करून बघा.

तो दिवस शिंप्याच्या दुकानावर आला. लांबलचक छप्पर, नवी पन्हळ. सकाळभर ती खालून बघत होती. हुकाला हात घालायचा आणि हात हुकाच्या शेजारी हवेत जायचा. दुसऱ्या वेळेला सापडायचा. तिनं मान खाली घातली, जणू तिनं काही पाहिलंच नाही. मग त्यानं टोकाला गाल टेकवला, डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं. डबा ओतला. ती पाइपाशी वाकली. पाणी आलं नाही. मग एक धार आली, करंगळीएवढी, तीही रेंगाळत.

"आलं?" वरून आवाज आला.

त्या आवाजात काय होतं देव जाणे. रोजच्यासारखा नव्हता. विचारणारा नव्हता, विनवणारा होता. तिनं वर पाहिलं. तो छपराची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि खाली तिच्या दिशेनं बघत होता, पण नजर तिच्यावर नव्हती, तिच्या जरा डावीकडे होती. उद्यापासून हा घरात बसणार. खिडकीशी. ज्या माणसाला रविवारीसुद्धा करमत नाही तो रोज खिडकीशी बसणार, आणि ते मी सांगितल्यामुळं.

"धावत आलं," ती म्हणाली.

आणि वर त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

घरी जेवून तो आडवा झाला. ही छोटी शिडी आणि त्याची पिशवी घेऊन परत शिंप्याकडे. "जरा सांध्यांना डांबर लावायचं राहिलंय," म्हणाली. शिंप्यानं मशीनवरून मानही वर केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती शिडी चढली. नवऱ्यासारखा गाल टेकवून पाहिलं तर तिला फक्त पत्रा दिसला. मग पिशवीतून पाणसळ काढली, एकेका हुकापाशी धरली, बुडबुडा बघितला. मधले दोन हूक खाली बसले होते. ते उचलले, ठोकले, डबा ओतला आणि धडपडत खाली उतरून पाहायला गेली तोवर पाणी निघूनही गेलं होतं, पाइपाचं तोंड तेवढं ओलं. पन्हळीत पाणी उरलं नव्हतं म्हणजे झालं, असं तिनं धरून चालायचं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं आवडलंसुद्धा. इतकी वर्षं खालून बघून बघून हाताला काहीतरी लागलं होतं की! ही गोष्ट नवऱ्याला सांगावी असं अगदी ओठावर आलं, आणि मग आठवलं की त्यालाच तर सांगता येणार नाही.

एकदाच, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण अशा गोष्टी एकदाच कुठं होतात? बेकरीच्या छपरावर पुन्हा तेच झालं. मध्ये काही कामं त्याची अगदी चोख झाली, आणि तिला वाटायचं, बघा, उगाच घाबरले मी. मग पुन्हा एक चुकायचं. ती "धावत आलं" म्हणायची आणि दुपारी डांबर लावायला जायची. मिस्त्री खुशीत होता. डॉक्टरणीला म्हणाला, "तुमचं मशीन काहीही सांगो, माझ्या पन्हळी धावतायत." डॉक्टरीण हसली. ही शेजारी बसून पर्सचा बंद गुंडाळत होती आणि सोडत होती.

मास्तरीणबाईंचं काम त्यानंतरचं. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात त्या आणि त्यांचे थोरले भाऊ. भाऊ अंथरुणाला खिळलेले. झटका आल्यापासून वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली, नजर तेवढी फिरायची. मागच्या खोलीत भिंतीला लागून त्यांची कॉट. त्याच बाजूला मिस्त्रीनं नवी पन्हळ बसवली. तिचा पाइप भिंतीतून खाली नेलेला होता. मिस्त्रीनं डबा ओतला, पाणी झोपून आलं आणि ही म्हणाली, "धावत आलं."

दुपारी ती गेली तर फाटकाला कुलूप. मास्तरीणबाई भावाला तपासायला घेऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लेक आली, कडेवर तान्हं घेऊन, आणि घरात एकच धांदल उडाली. मिस्त्री नातीला मांडीवर घेऊन बसायचा, तिचं नाक हातानं चाचपायचा, "माझ्यासारखं आहे," म्हणायचा. ही उद्या जाऊ म्हणाली. मग पुन्हा उद्या. आभाळ भरून आलं तेव्हा नात तापली होती. विसरली होती म्हणावं तर तसंही नाही. पाऊस लागला तेव्हा ती जागीच होती आणि तिला नेमकं माहीत होतं की या वेळेला पाणी कुठल्या भिंतीत उतरत असेल.

सकाळी मास्तरीणबाईंचा फोन आला. लेक नातीपाशी थांबली, हे दोघे गेले.

भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडली होती. गादी दोन खुर्च्यांवर वाळत टाकली होती आणि भाऊ कॉटवर नुसत्या घोंगडीवर, अंगावर असतील नसतील तेवढी पांघरुणं. खोकत होते. खोकायलाही त्यांच्या अंगात जोर नव्हता.

"रात्रभर त्याच्या अंगावर ठिबकत होतं, मिस्त्री," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हाक मारायला त्याला आवाज नाही, आणि मी पलीकडच्या खोलीत ढाराढूर. सकाळी बघते तर ओठ निळे." त्या भांडत नव्हत्या. भांडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर हिला बरं वाटलं असतं. डॉक्टर येऊन गेले होते. छाती भरलीय, पण निभावेल, म्हणाले होते.

मिस्त्री शिडीवर चढला. हिनं शिडी धरली.

"पन्हळीत पाणी बसलंय," तो वरून म्हणाला. "भिंतीकडच्या कडेवरून उतरलंय. कारणं दोनच. एक तर उतार चुकला, नाहीतर पाइप तुंबला." मग जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "उतार चुकला असता तर त्या दिवशी पाणी धावत आलं नसतं. म्हणजे पाइप. हो ना गं?"

ती "हं" म्हणाली. तेवढंच निघालं.

त्यानं पाइपात तार घातली. तार खाली गेली आणि वळणावर अडकली. आता तार वळणावर अडकतेच, पाइप मोकळा असला तरी अडकते. पण पाइप तुंबलाय असं ठरवून बसलेल्या माणसाला तिथं बोळा लागल्यासारखा वाटतो.

मास्तरीणबाई खाली उभ्या होत्या. "ते बुडबुड्याचं काहीतरी असतं ना," त्या चाचरत म्हणाल्या, "ते लावून एकदा बघता का?"

"गरज नाही," मिस्त्री म्हणाला. "आमच्या हिनं पाणी बघितलंय."

वळण बरोबर भावाच्या उशामागच्या भिंतीत होतं. म्हणजे भिंत फोडायची. तिघांनी मिळून कॉट खोलीच्या मध्ये ओढली. ओढताना भावाची मान एका बाजूला कलंडली आणि त्यांची नजर सरळ हिच्या तोंडावर आली. त्यांना काय ठाऊक असणार? काही नाही. पण हिला वाटलं, या घरात बोलता न येणारी दोन माणसं आहेत. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात छिन्नीवर पहिला घाव पडला.

तेव्हाही बोलता आलं असतं. दुसऱ्या घावाला, दहाव्या घावाला. गिलावा पडत होता, धुरळा उडत होता, भाऊ खोकत होते आणि मास्तरीणबाई त्यांच्या तोंडावर ओला रुमाल धरून बसल्या होत्या. दर घावाला ही मनात म्हणत होती, आता सांगते. पाइप दिसायला लागला. मिस्त्रीनं हात लावून लावून वळण शोधलं आणि तिथं पाइप कापला. आत एक बोट घातलं. मग दोन. मग मनगट वळवून जेवढा हात जाईल तेवढा.

पाइप लख्ख मोकळा होता.

तो तसाच हात आत घालून उभा राहिला. भुवयांवर धुरळा, पापण्यांवर धुरळा. "काहीच नाही," म्हणाला. "मग?" आणि मग हळूहळू त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं. या वेळेला नजर बरोबर तिच्यावर होती.

"त्या दिवशी आलं होतं?"

"नाही," ती म्हणाली.

"अजिबात?"

"झोपून आलं होतं."

मास्तरीणबाईंना काही कळेना, त्या एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या.

"शिंप्याकडे?"

"नाही."

"बेकरीवर?"

"नाही. ते मी नंतर जाऊन... दुपारी... हूक उचलून ठोकले."

"तू शिडीवर चढलीस?" त्याचा आवाज एकदम चढला. "आणि खाली कोण होतं? पडली असतीस म्हणजे?"

पहिलं त्याला हे सुचलं. तिला तिथंच हुंदका फुटला. रागावला असता तर तिनं सोसलं असतं, पण हे कसं सोसायचं? मग बाकीचं त्याला कळत गेलं ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. खिडकीतून येणारा उजेड तोंडावर असताना माणूस डोळे मिटतो तसे त्यानं डोळे मिटले.

"बाई," तो मास्तरीणबाईंना म्हणाला, "उतार माझ्या हातून चुकला. पाइप उगाच फोडला. भिंत मी करून देतो. भाऊसाहेबांचं..." तिचं नाव त्यानं काढलं नाही. तो कॉटपाशी गेला, भावाचा डावा हात चाचपून शोधला आणि दोन्ही हातांत धरून बसला.

मग पिशवीतून पाणसळ काढून त्यानं ती बायकोपुढं धरली. "घे."

"वहिनी, तुम्ही वर?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आज वरचे खाली आहेत," ती म्हणाली. तिला वाटलं होतं जरा हलकं होईल. कुणी हसलं नाही.

पन्हळ दुरुस्त झाली. मिस्त्रीनं कापलेला पाइप जोडला, भिंत बुजवली, गिलावा केला, हातानं पुन्हा पुन्हा चाचपून सपाट केला. भाऊसाहेब त्या खोकल्यातून सावरले, पण पूर्वीइतके नाही. शिडी घराच्या मागच्या भिंतीला आडवी टेकवली गेली ती कायमची. तो खिडकीशी बसला. तिला ज्याची भीती होती तेच झालं, आणि गंमत बघा, त्याला ते एवढं जडच गेलं नाही. रेडिओ लावायचा, नातीशी फोनवर बोबडं बोलायचा, खिळे आकाराप्रमाणे डब्यांत लावायचा. जे टाळायला हिनं एवढा खटाटोप केला ते दुःख त्यानं चार-सहा महिन्यांत पचवून टाकलं.

दुसरं मात्र त्याला पचलं नाही. तो तिला एका शब्दानं बोलला नाही. जेवण झालं की "छान झालं होतं" म्हणायचा, तिच्या गुडघ्याला तेल लावून द्यायचा. पण एकदा तिनं डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली त्याच्या हातात दिली, तर ती घेऊन तो उठला, भिंत धरत धरत शेजारच्या दारात गेला आणि शेजारणीला म्हणाला, "ताई, जरा बघता, हीच ना निळ्या झाकणाची?"

तो परत आला तेव्हा ती दारातच उभी होती. "मी सांगितलं होतं ना निळं आहे म्हणून!" ती ओरडली. "बोला ना एकदाचं काय ते! चुकलं माझं. हजारदा चुकलं. मारा मला, पण बोला!"

"तू कशाला चुकशील?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, शोधूनही सापडला नसता. "माझ्या भल्यासाठीच केलंस."

"मग?"

"मग काय. आता मला कळत नाही ना, तू कधी खरं सांगतेस आणि कधी माझं भलं करतेस." आणि बाटली खिशात टाकून तो खिडकीशी जाऊन बसला.

इथून पुढं प्रत्येक गोष्ट खरी सांगायची असं तिनं ठरवलं आणि सांगितलीही. भाजी करपली तर करपली म्हणाली, त्याचा शर्ट फाटला तर फाटला म्हणाली. त्याच्या डोळ्यांकडे बघून डॉक्टरणीनं तोंड वाकडं केलं तेही सांगितलं. तो "बरं" म्हणायचा. नजर विझत चालली होती. आधी माणसाचा चेहरा दिसायचा, मग नुसता आकार, मग उजेड आणि अंधार. म्हणजे आता तर त्याला सगळंच कुणीतरी सांगायला हवं होतं. रस्त्यावर खड्डा आहे का, दूध उतू चाललंय का, दारात कोण आलंय. आणि सांगायला घरात होती ती एकटी हीच.

शेवटचं डोळे तपासून आले त्या दिवशी डॉक्टरणीनं थेंबही बंद केले. "आता नको, काका," एवढंच म्हणाली. दोघे दवाखान्यासमोरच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. त्याचा हात हिच्या कोपरावर होता. ऊन होतं, गर्दी फार नव्हती. शेजारी एक माणूस पेपर वाचत उभा होता. बस आली, पाटी तिनं नीट वाचली, दोनदा वाचली आणि म्हणाली, "ही आपलीच. चला."

तो हलला नाही. त्यानं मान दुसरीकडे वळवली, जिकडून पेपराचा आवाज येत होता तिकडे, आणि विचारलं, "अहो भाऊ, ही कुठली बस आहे?"

त्या माणसानं बसकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं आणि हसला. "तुमचीच आहे की, काका. बाईंनी आत्ताच सांगितलं ना तुम्हाला!"

"हो," तो म्हणाला. "ऐकलं मी."

मग त्यानं तिचं कोपर पुन्हा धरलं आणि दोघे बसमध्ये चढले.